दादांसाठी बूट कसा घ्यावा? नंबर बरोबर होता, तरी पाय सोलला

शेवग्याची_शेंग (अंबड)

मंडळी, जरा लांबण लावतो, कारण चूक माझीच आहे.

आमचे दादा, म्हणजे वडील, वय ६१. शुगर नऊ वर्षांपासून. दरवर्षी नाथषष्ठीला गावच्या दिंडीतून पैठणला पायी जातात, आमच्याकडून तीन मुक्काम पडतात. आजवर साध्या पट्ट्याच्या चपलेवर वारी झाली. यंदा मला पुळका आला, बापाला चांगला बूट घेऊन द्यावा म्हटलं. दादा चाळीस वर्षं "माझा नंबर आठ" असंच सांगतात, म्हणून ऑनलाइन आठ नंबर मागवला. निघायच्या आदल्या दिवशी खोकं आलं. ओसरीवर दोन चकरा मारल्या, "मऊ हाय" म्हणाले, आणि पहाटे टाळ गळ्यात घालून निघाले.

दुसऱ्या मुक्कामाला पाय धुताना शेजारच्या माळकऱ्यानं पाहिलं. मोजा करंगळीपाशी ओला. चॉकलेटी मोजा, त्यामुळं रक्त कुणाला दिसलंच नव्हतं. करंगळीच्या कडेला एक आणि अंगठ्याच्या मागच्या हाडावर एक, दोन फोड फुटून सोललेले. दादांना पत्ता नाही. उलट मलाच विचारतात, "दुखलं असतं तर काढला नसता का बूट?"

पाच आठवडे ड्रेसिंग चाललं. आता कातडी आलीय. पण आषाढीला नाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला चालायचं म्हणून बसलेत. मला दोन गोष्टी कळत नाहीत. नंबर बरोबर असून असं झालं कसं? आणि आता पायात घालायचं तरी काय?

सरकी

नंबर बरोबर होता हे कुणी ठरवलं? चाळीस वर्षांपूर्वीच्या दुकानदारानं! वयानं पाऊल पसरतं, कमान बसते, वजन वाढतं. माझा कॉलेजात सात होता, आता साडेआठ लागतो.

शिवाय नंबर ही चीजच भुसभुशीत आहे. आपल्याकडचा नंबर इंग्रजी, त्यात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या चाळीस-एक्केचाळीसमध्ये तोच फरक पावणेसात मिलिमीटरच्या आत. एकातून दुसऱ्यात नेताना तुटक राहतंच. आणि हे सगळं लांबीचं झालं. रुंदीबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही. बऱ्याच स्पोर्ट्‌स बुटांच्या जिभेखाली लेबल असतं, त्यावर सेंटिमीटरही छापलेले असतात. तो आकडा बघा आणि पाय मोजून ताडून घ्या.

आरी_रापी (लातूर)

आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचं काम. आजोबा आठवडी बाजारात बसायचे, वडिलांचं गंजगोलाईच्या बाजूला बोळात दुकान होतं. मी नोकरीत आहे, पण रविवारी अजून हात काळे करतो. म्हणून जरा अधिकारानं लिहितो.

आजोबांकडं नंबर नावाचा प्रकारच नव्हता. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचे. बसवून नाही, उभं! बसलेल्या माणसाचं पाऊल आखडलेलं असतं, अंगाचा भार पडला की पसरतं. पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं रेघ. तिरकी धरली की पाच मिलिमीटरची चूक झालीच. मग कागदाची पट्टी घेऊन तीन ठिकाणी वेढा: बोटांच्या मागं जिथं पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथं, मध्ये उंचवट्यावर, आणि टाचेवरून घोट्यापुढं. पट्टीवर नखानं खूण करून ती पट्टीच खिशात टाकायचे. दोन्ही पायांच्या वेगळ्या पट्ट्या, कारण दोन पाय सारखे असलेला माणूस विरळा. मोठ्या पायाचा जोडा घ्यायचा आणि लहान पायात जास्तीचा तळ घालायचा.

दादांचं तुम्ही जे लिहिलंय, करंगळीची कड आणि अंगठ्यामागचं हाड, तिथंच कळलं. बूट आखूड नव्हता, अरुंद होता. आखूड असता तर बोटांचे शेंडे आणि नखं गेली असती.

आता घरी करायची युक्ती. बुटातला आतला तळ बाहेर ओढा, बहुतेक बुटांत निघतो. जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहा. बोटं कडेबाहेर लोंबायला लागली की तो बूट आपला नाही, मग तो कितीही मऊ असो. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढं असतं. दुकानदार बुटाच्या टोकावर अंगठा दाबून "जागा हाय की" म्हणतो तेव्हा तुम्ही बोटं आखडलेली असतात, हे त्यालाही ठाऊक असतं.

बूट हातात घेऊन वाकवा. जिथं बोटं वाकतात तिथं वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तो बूट नाही, पिशवी आहे. टाचेचा मागचा भाग चिमटीत दाबून बघा, तो कडक हवा. आणि शेवटचं, जे कुणी करत नाही: आत हात घाला. बोटांनी शिवण चाचपा, डिंकाचा गोळा, दुमडलेलं कापड, खिळ्याचं टोक. हाताला जे टोचतं ते पायाला कापतं.

खरेदी संध्याकाळी करा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात. सकाळी मापात बसलेला जोडा संध्याकाळी चावतो.

"घालून घालून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. खरं चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. रेक्झिन तर काहीच ऐकत नाही.

जुना_मोंढा

एवढं काय असतंय बुटाचं? आमचे आजोबा जन्मभर अनवाणी फिरले, ऐंशीला गेले, पायाला काय नव्हतं. ही सगळी आजकालची नाजूक थेरं.

तिफण (परभणीकडचा)

मोंढेकर, तुमच्या आजोबाला शुगर होती का ते सांगा आधी. आमचे बी आजोबा अनवाणीच फिरायचे. बाभळीचा काटा रुतला, चाकूच्या टोकानं काढला, वर बिब्बा लावला. काटा निघाला पण टोक आत राहिलं. पुढं पाय असा सुजत गेला की दोन वर्षं नांगराला हात लावता आला नाही. ते कुणी सांगत नाही, ऐंशीला गेले एवढंच सांगतात.

आमच्याकडं रात्रीची लाईट. दोन वाजता मोटार चालू करायला जावं लागतंय, गव्हात पाणी. गमबूट घेतल्यापासून माय निवांत झोपतीय. घोणस पायालाच डसतीय, ती काय उडी मारून मानेला येत नाही. पण बूट घालताना उलटा करून झटकायचा बर्का, रोज. एकदा माह्या बुटात विंचू निघाला होता. तांबडा. (इंचवावरचं औषध शोधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचेच, हे पोरांना सांगत असतो. पण औषध हाय म्हणून झटकायचं सोडू नका.)

निळी_शाई

मी एका रुग्णालयात मधुमेही रुग्णांचे पाय तपासते. शेंग, तुमच्या दादांचं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि धाग्यात त्यावर कुणी बोललं नाही. "दुखलं असतं तर काढला नसता का." त्यांना दुखलंच नाही. खरा आजार तो आहे, बूट नंतर.

शुगर बरीच वर्षं राहिली की पायाच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या, आग, रात्री कापसावर चालल्यासारखं वाटणं, आणि मग काहीच नाही. रुग्णाला ते बरं झाल्यासारखं वाटतं! माझ्याकडं एक जण चप्पल हरवल्याचं घरी येईपर्यंत कळलं नाही म्हणून हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. असा माणूस दुकानात बूट "छान बसला" म्हणतो, त्याला अर्थ नसतो. उलट पायाला काहीतरी जाणवावं म्हणून ही माणसं घट्ट बूट पसंत करतात. तुमच्या दादांना तो "मऊ" वाटला तो असाच.

पहिलं काम, डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक बारीक धागा असतो, १० ग्रॅम दाबाला वाकणारा. डोळे मिटून बसायचं, तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात, कळलं की "हो" म्हणायचं. पाच मिनिटांचं काम. पायातली नाडीही बघतील.

दुसरं, पंढरपूर. मी स्पष्टच सांगते, यंदा चालू देऊ नका. भरलेल्या जखमेवरची कातडी वरून चांगली दिसते, खाली कच्ची असते. नसा गेलेल्या पायावरची जखम भरल्यावर वर्षाच्या आत दहातल्या साधारण चार जणांना पुन्हा होते. दादांची भक्ती मोठी आहे, पण पुढच्या वर्षीची वारी हवी असेल तर या वर्षी पाय सांभाळायचा.

बूट घ्याल तेव्हा पुढून रुंद, खोल, आत शिवण नसलेला, लेस किंवा पट्टा असलेला. चप्पलच हवी असेल तर मायक्रोसेल्युलर रबरची, जिला एमसीआर म्हणतात, आणि मागं पट्टा असलेली. अंगठ्यात अडकवायची नको, ती धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. नवा जोडा पहिल्या दिवशी तासभर, मग काढून पाय बघायचा. कुठं लाल झालंय? ते अर्ध्या तासात गेलं नाही तर जोडा परत. असं वाढवत न्यायचं. ओसरीवरच्या दोन चकरा नाही.

मोजे पांढरे किंवा फिके घाला. तुम्हीच लिहिलंय, चॉकलेटी मोज्यावर रक्त दिसलं नाही.

शेवग्याची_शेंग

मॅडम, ती मोज्याची गोष्ट वाचून घरात शांतता पसरली. तपासणीला नेतो. पण मंदिरात तर अनवाणी जावंच लागतं, त्याचं काय?

निळी_शाई

बरं झालं विचारलंत. चैत्र-वैशाखात आमच्याकडं जे भाजलेले तळवे येतात, त्यातले पुष्कळ देवदर्शनाचे असतात. वेरूळ, औंढा, परळी, तुळजापूर, कुठंही दुपारी बाराला दगडी फरशीवर उभं राहा, धडधाकट माणूस नाचत नाचत सावली गाठतो. ज्याला चटका कळत नाही तो शांतपणे रांगेत उभा राहतो, आणि घरी येऊन मोठाले फोड बघतो. सकाळी लवकर जा, जाड मोजे घालून आत जाता येतं का ते विचारा. बहुतेक ठिकाणी वयस्करांना कुणी अडवत नाही.

याच कारणानं गरम पाण्यात पाय बुडवून बसणं बंद. पाणी हातानं नाही, कोपरानं बघायचं. कुरूप ब्लेडनं कापणं बंद, बाजारातले कुरूप जाळायचे पट्टेही बंद. रोज रात्री तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून, नाहीतर नातवाला कामाला लावून.

कुंथलगिरीचा_पेढा

नातवावरून आठवलं. जून आला, शाळेचे बूट. आमच्या लहानपणी बूट "वाढत्या अंगाचा" घ्यायचे आणि पुढं कापूस कोंबायचे. कापूस आमच्याच शेतातला असायचा म्हणून फुकट! दुसरीत आत, चौथीत बाहेर. मी आता शिक्षिका आहे आणि वर्गात चालणं बघून सांगू शकते कुणाच्या बुटात कापूस आहे. टाच उचकटते, पोर पाय घासत चालतं.

माझा स्वतःचा प्रश्न: सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलांनी कमी होतं. दिवसभर फरशीवर उभी असते, पायात पातळ सपाट चप्पल.

निळी_शाई

पहिल्या पावलाची कळ म्हणजे बहुधा तळव्याखालचा पट्टा सुजलाय. पातळ चप्पल आधी बंद करा, घरातसुद्धा. टाचेला थोडी उंची आणि कमानीला आधार असलेलं काहीतरी. उठण्याआधी पलंगावरच टॉवेल पंज्याला लावून स्वतःकडं ओढा, पोटरी ताणली पाहिजे. संध्याकाळी पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवा. महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षाच्या आत जातं. सूज, ताप, रात्रीही दुखणं असेल तर मात्र दाखवा.

मुलांचं: एक बोट वाढीव ठीक, कापूस नको. आणि दर तीन महिन्यांनी मापून बघा, पोरं चावतंय म्हणून सांगत नाहीत, बोटं आखडून घेतात.

धावपट्टी

पोलीस भरतीची तयारी करतेय, मुलींना ८०० मीटर आहे. नडगीत दुखतंय आणि अंगठ्याचं नख काळं पडलंय. भावाचा जुना बूट वापरते, दोन मोजे घालून.

सरकी

ताई, नख काळं म्हणजे पाय आत पुढं सरकून टोकावर आपटतोय. दोन मोज्यांनी बूट बसत नाही, फक्त भरतो. पैसे जमवून स्वतःच्या मापाचा एकच घे. धावायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, भावानं ते आधीच संपवले असतील. घोट्याजवळ जी एक जास्तीची भोकं असतात ती शोभेची नाहीत. दोन्ही बाजूंना लेसचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवायची, मग टाच जागची हलत नाही. आणि नडगीसाठी आठवडाभर डांबरी सोडून मातीवर, अंतर निम्मं.

आता तुम्हा सगळ्यांसाठी एक. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं त्रिमितीय यंत्रानं मोजली. निष्कर्ष काय, तर भारतीयांचं पाऊल युरोप-अमेरिकेपेक्षा रुंद. म्हणून आपली वेगळी मापं सुचवलीत, नाव "भा". दादांची करंगळी जे सांगत होती तेच एक लाख लोकांनी सांगितलं.

आरी_रापी (लातूर)

आजोबांची पट्टी बरोबर होती म्हणायची!

थोडं जोड्यांच्या निगेबद्दल, कारण मृग तोंडावर आहे. आपल्या काळ्या मातीचा चिखल ओला असताना धुवायला जाऊ नका, तो आणखी शिवणीत घुसतो. वाळू द्या, मग बूट एकमेकांवर आपटा, निम्मा गळून पडेल, उरलेला काडीनं आणि ब्रशनं. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीपाशी किंवा पत्र्यावर उन्हात ठेवलात तर चामडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. एकच जोडा रोज घालू नका, एक दिवसाचा आराम दिला तर आतला घाम सुकतो, वासही जातो.

कोल्हापुरी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, पाणी त्याचं वैरी. नवी असताना रात्री तेलाचा हात द्यायचा, पावसाळाभर कापडात गुंडाळून ठेवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, बुरशी येते.

आणि लग्नातला बूट "चांगला आहे" म्हणून पाच वर्षं कपाटात ठेवता ना? काढून घातला की वरातीतच सोलचा भुगा होतो. लोक दुकानदाराला शिव्या देतात. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणानं आतून कुजत जातो, न वापरताच. वापरातला उलट जास्त टिकतो. असे भुगे घेऊन माझ्याकडं लग्नसराईत रांग लागते आणि मी फक्त मान हलवतो. त्याला ना आरी चालते ना रापी.

अवांतर: नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जोडे सांभाळायची सेवा करणाऱ्यांना कधी नीट बघा. अनोळखी माणसाचा जोडा दोन हातांनी घेतात. आमच्या धंद्याला असा मान मी दुसरीकडं बघितला नाही.

तिफण (परभणीकडचा)

चिखल्यांचं काहीतरी सांगा. सोयाबीन निंदायच्या टायमाला बायाच्या पायाची बोटं पांढरी होऊन चिरतेत. मेडिकलवाला ट्यूब देतोय, दोन दिवस बरं, परत तेच.

निळी_शाई

त्या ट्यूबवर काय लिहिलंय बघा. तीन-चार औषधं एकत्र असतील तर त्यात स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, बुरशी मात्र निवांत वाढते. साधं क्लोट्रिमॅझोल, दोनदा, बरं दिसल्यावरही दोन आठवडे. पण औषधाच्या आधी फडकं! घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, प्रत्येक बेचकी. तेल, मलई, व्हॅसलिन टाचांच्या भेगांना लावा, बेचकीत कधीच नाही.

शेवग्याची_शेंग (अंबड)

उशीर झाला, पण कळवतो.

तपासणी झाली. डाव्या पायाला चार ठिकाणी धागा कळला नाही, उजव्याला दोन. दादा डोळे मिटून बसले होते, डॉक्टरांनी टेकवला, हे गप्प. मी बघत होतो. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा टेकवला, तरी गप्प. मग डोळे उघडून म्हणाले, "चालू करा की आता." वारीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. दिंडीच्या ट्रकमध्ये बसून जाणार, मुक्कामाला पाणी-भाकरीची व्यवस्था बघणार असं त्यांनीच प्रमुखांना सांगितलं.

आरी_रापींनी सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्रावर पाय आखले. डावा साडेसव्वीस सेंटिमीटर, उजवा सत्तावीसला थोडा कमी. कागद कापून जालन्याला नेला, संध्याकाळी. तीन दुकानांत दुकानदार हसले. चौथ्यानं कागद बुटाच्या तळावर ठेवून बघितला आणि आठ नंबरचं खोकं स्वतःच बाजूला सारलं. रुंद तोंडाचा नऊ घेतला. आता रोज एक तास, मग पाय वर करून नातीसमोर धरतात. ती टॉर्च लावून "पास" म्हणते.

कुंथलगिरीचा_पेढा

छान! आणि आईंचे पाय मोजले का?

शेवग्याची_शेंग (अंबड)

नव्हते मोजले.

तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता मायला कागदावर उभं केलं. साडेबावीस. तिच्या पायात दादांची जुनी चप्पल आहे, पुढून चार बोटं रिकामी, पट्ट्याला सेफ्टी पिन. किती वर्षं घालतेयस विचारलं तर म्हणाली, "ह्यांची झिजली की मला येती." कागदावरून उतरली आणि पहिली ती रेघ बघितली. म्हणाली, एवढुसाच हाय का माझा पाय.